न थकणारी कडी

बालमित्रांनो, आजचा विषय वाचून तुम्ही खुदकन हसणार, हे मला ठाऊक आहे. माझा चौथीचा वर्गही हसला होता. तेव्हा आधी हसून घ्या आणि मग पुढे वाचा.

तुमच्यापैकी कितीजण मल्लखांब करतात? दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ज्याला पुन्हा चांगले दिवस आणले, तोच हा खेळ. माझ्या वर्गातला एक पठ्ठ्या रोज संध्याकाळी मल्लखांबाला जातो. एकदा त्याने विचारले, "बाई, मी उलटा लटकतो तवा दुपारची भाकरी तोंडातून खाली का पडत न्हाई ओ?" प्रश्न मोठा झकास! बाटली उलटी केली तर पाणी सांडते. मग पोट उलटे केले तर?

याचे उत्तर आजीच्या बटव्यात आहे. नाडी ओढली की बटव्याचे तोंड आवळते ना, तसेच. अन्ननलिका जठराला मिळते तिथला तीन-चार सेंटिमीटर लांबीचा वाटोळा स्नायू एरवी आवळलेलाच असतो. शिवाय बाहेरून श्वासपटलही त्याला वेढून धरते. अशा स्नायूला डॉक्टर 'स्फिंक्टर' म्हणतात. करकचून बांधणे, अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले. आपण त्याला दार म्हणू. अशी दारे पचनमार्गात बरीच आहेत. घशाच्या खाली एक, जठराच्या वर एक, खाली एक, लहान आणि मोठे आतडे जुळते तिथे एक, आणि अगदी शेवटी... थांबा, तिथे मी येणारच आहे!

आता एक गंमत करा. पाण्याने भरलेला तांब्या हातात घ्या आणि हात सरळ पुढे धरा. बघा किती वेळ टिकतो! थोड्याच वेळात हात थरथरू लागेल. मग पोटातले दार रात्रंदिवस आवळलेले राहून दमत कसे नाही?

हाताचे स्नायू ऐच्छिक, म्हणजे आपल्या हुकमातले. जठराच्या दाराचे अनैच्छिक. त्यांना मृदू स्नायू असेही म्हणतात. दोन्हींत जाड आणि बारीक असे दोन तऱ्हेचे धागे असतात. जाड धाग्यांना इवलेइवले आकडे असतात, ते बारीक धाग्यांना धरून ओढतात. हाताच्या स्नायूत हे आकडे भराभर धरतात नि सोडतात, आणि दर खेपेला शक्ती खर्च होते. मृदू स्नायूतले आकडे मात्र एकदा अडकले की लवकर सुटतच नाहीत. दाराला आतून कडी घालावी तसे! म्हणून फारच थोड्या शक्तीत काम भागते. पेशीत थोडे थोडे कॅल्शियम येत राहते, त्यातून "धरा, धरा" असा हुकूम सुटत राहतो. सोलापूरच्या मुलांना वेगळे सांगायला नको; मागावरचा ताणा ढिला पडला तर चादर नीट निघेल का? तसाच हा ताण. तो सैल पडला की जठरातले आम्ल वर येते आणि मोठ्यांच्या छातीत जळजळते. तान्ह्या बाळांचे हे दार अजून कच्चे असते, म्हणून ती दुधाची गुळणी टाकतात.

मग घास आत जातो कसा? आपण गिळले की तिथले चेतातंतू नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात. कडी निघते, घास आत जातो, काही सेकंदांत दार पुन्हा बंद! हा वायू शरीरात निरोप्याचे काम करतो, हे आधी रक्तवाहिन्यांच्या बाबतीत उमगले. त्याबद्दल १९९८ साली फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता शेवटचे दार. हो, शीचेच. इथे दोन दारे आहेत. आतले मृदू स्नायूचे, ते आपले ऐकत नाही. आपण गाढ झोपलो तरी ते बंद राहते. मळ खाली आला की ते आपणहून जरा सैल होते आणि मेंदूला वर्दी जाते. बाहेरचे दार आपल्या हुकमातले. वर्ग चालू असेल तर आपण ते आवळून धरतो. थोडा वेळ ठीक आहे. पण रोजच धरून ठेवले तर? मोठे आतडे मळातले पाणी शोषतच राहते. मळ दगडासारखा होतो, दुसऱ्या दिवशी दुखते, मग मूल भीतीने आणखी धरून ठेवते. आतली पिशवी ताणून ताणून अशी सैल होते, की वर्दी देणेच विसरते.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. मोठी चुणचुणीत. पण मधल्या सुट्टीनंतर पाय आवळून बसायची. सोलापूरचा उन्हाळा, तरी पाणी पीत नसे. एक दिवस तिची आई आली. "बाई, एवढी मोठी घोडी झाली, तरी कपडे खराब करते. मारले तरी ऐकत नाही." मी तिला डॉक्टरांकडे न्यायला सांगितले. डॉक्टर म्हणाले, मुलीचा काही दोष नाही. आत कडक मळ अडकला आहे, त्याच्या कडेने पातळ झिरपते, तिला ते कळतसुद्धा नाही.

का धरून ठेवायची ती? शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडीच नव्हती! ती कडी आठ दिवसांत बसली. मुलीला बरे व्हायला मात्र काही महिने लागले. मळ मऊ करणारे औषध बरेच दिवस चालू ठेवावे लागले. आईबाबांनो, असे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

आणखी एक. पोटात अन्न पडले की मोठे आतडे जोराने हलू लागते. त्यामुळे सकाळी नाश्त्यानंतर पाच-दहा मिनिटे मुलांना निवांत बसू द्या. तेवढा वेळ मिळावा म्हणून हवे तर जरा लवकर उठवा. घरी कमोड असेल आणि पाय लोंबकळत असतील, तर पायांखाली जेवायचा जुना पाट ठेवा.