एक आहे ना अजून!

चि. मुक्ता,


‘ओव्हऱ्या दोन असतात ना आत्या, एक गेली तर गेली. मी हो म्हणून टाकलंय,’ असं म्हणालीस आणि वर हसलीस. फोनवर मी गप्प राहिले, कारण तोंड उघडलं असतं तर तू रडली असतीस आणि पाठोपाठ दादाचा फोन आला असता. म्हणून हे पत्र. साडी बदलून घ्यायला तू दुकानदाराशी अर्धा तास हुज्जत घालतेस, आणि इथे आपलं ‘हो म्हणून टाकलंय’!

पाठवलेले दोन्ही रिपोर्ट वाचले. पहिला म्हणतो, उजव्या ओव्हरीत सहा सेंटीमीटरची सिस्ट, आत पडदा. दुसरा म्हणतो, ट्यूबमध्ये पाणी, हायड्रोसालपिंक्स असावा. दुसरा खरा असेल तर ओव्हरीचा यात काही दोषच नाही. आणि ऑपरेशनची तारीख ठरली ती पहिल्यावर! दोन सोनोग्राफ्या दोन गोष्टी सांगत असतील तर तिसरी करायची असते, सही नाही.

यात गफलत होते, हे खरं. निरोगी ट्यूब सोनोग्राफीत सहसा दिसतच नाही. दहा-बारा सेंटीमीटर लांब, पण बारीक, आतड्यांच्या गर्दीत हरवलेली. कधीकाळच्या सुजेने तिचं ओव्हरीकडचं तोंड बंद झालं की आतला स्राव साठतो, ती फुगते, आणि जागा पुरेना की स्वतःवरच दुमडते. बागेतल्या रबरी नळीला घडी पडते ना, तशी. ही घडी सोनोग्राफीत सिस्टमधल्या पडद्यासारखी दिसते. मात्र हा पडदा अर्धवट असतो. एका भिंतीतून निघतो, समोरच्या भिंतीपर्यंत पोचत नाही. प्रोब फिरवत गेलं की गोल वाटलेलं ते लांबट होत जातं. आतल्या भिंतीवर कधी बारीक दाणे दिसतात, त्या ट्यूबच्या चपट्या झालेल्या घड्या. आणि मुख्य म्हणजे शेजारी ओव्हरी वेगळी, फॉलिकल्ससकट दिसते. प्रोबने हलकेच दाबलं तर दोन्ही एकमेकींवरून सरकतात. सिस्ट असेल तर ती ओव्हरीच्या आतच असते आणि ओव्हरीचा उरलेला भाग तिच्या कडेने ताणलेला दिसतो. तुझ्या दुसऱ्या रिपोर्टात ‘उजवी ओव्हरी वेगळी दिसते’ हे वाक्य स्पष्ट आहे. वाचलंस? नाही. तू तळाच्या ठळक दोन ओळी वाचल्यास आणि नवऱ्याला फोन लावलास.

आणि पेण? पेणचं सांगितलंस का कुणाला? सातवीत असताना अपेंडिक्स फुटून पोटभर पू झाला होता, अप्पा रात्रभर बाहेरच्या बाकावर बसून होते, ते काय घरातल्या गप्पांपुरतंच? अपेंडिक्स उजवीकडे, ट्यूब उजवीकडे. तो पू ट्यूबच्या तोंडाशी चिकटा करून गेला असेल, तर वीस वर्षांनी हे असंच दिसणार. चिकटे असले की ओव्हरी आणि ट्यूब नीट सरकतही नाहीत, मग सोनोग्राफी करणाराही फसतो. एवढं एक वाक्य तू फॉर्मवर लिहिलं असतंस तर दोन रिपोर्टांत भांडण लागलं नसतं.

आता मी माझ्या नेहमीच्या रडगाण्यावर येणार, ऐकून घे. बाईने आपले कागद जपले पाहिजेत. सिव्हिलमध्ये होते तेव्हा पोटावर टाका घेऊन बाई यायची. ‘काय काढलं?’ विचारलं की म्हणायची, ‘पिशवी का काय ते.’ ओव्हऱ्या ठेवल्यात की त्याही नेल्या? माहीत नाही. कागद? सासूकडे होता, पावसात गेला. बीडचं तर सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. 2019 मध्ये सरकारने समिती नेमली. ऐंशी हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणींना कॅन्सरची भीती घातलेली होती. त्यांच्या मागे उसाचा फड आणि मुकादमाची उचल लागलेली होती गं. तुझ्या मागे कोण लागलं होतं? तू तर एमकॉम. तरी ‘एक आहे ना अजून’!

कॅन्सरवरून आठवलं. रक्ततपासणीत ते सीए 125 बावन्न आलंय म्हणून वहिनीने देवाला नवस बोलून ठेवला आहे. तिला सांग, पस्तीसच्या पुढे गेलं म्हणजे कॅन्सर नव्हे. पाळी चालू असताना, एंडोमेट्रिओसिसमध्ये, पोटातल्या जुन्या सुजेत, टीबीत, अगदी गरोदरपणातही हा आकडा चढतो. तुझ्या वयाच्या बाईत एकट्या त्या आकड्यावर काहीच ठरत नाही. सोनोग्राफीत घट्ट मांसल भाग दिसला, त्यात रक्तपुरवठा दिसला, पोटात पाणी झालं, तर गोष्ट वेगळी. तुझ्या दोन्ही रिपोर्टांत तसं काही नाही.

सिस्टच निघाली तर? पाळी येणाऱ्या बाईच्या ओव्हरीत दर महिन्याला फॉलिकल वाढतं. ते कधीकधी फुटत नाही, मोठं होऊन बसतं आणि दोन-तीन पाळ्यांत आपोआप विरतं. (त्यासाठी गोळ्या लिहून देतात, गोळ्यांनी ते लवकर विरत नाही, हे तपासून झालंय.) डरमॉइड किंवा चॉकलेट सिस्ट विरत नाही. पण तीही काढायची तर सिस्ट सोलून काढतात, तुझ्या वयात अख्खी ओव्हरी नाही. चॉकलेट सिस्ट सोलतानासुद्धा थोडी बीजं जातातच, म्हणून तिथेही हात आखडता.

ट्यूबच निघाली तर विचार निराळा. तुला मूल नको असतं आणि दुखत नसतं, तर मी म्हटलं असतं, राहू दे तिला तिथेच. पण तुम्ही आयव्हीएफच्या दारात उभे आहात. 1978 साली लुईस ब्राउन जन्मली ती आईच्या ट्यूब बंद होत्या म्हणूनच. बंद ट्यूबला वळसा घालायला तर ही विद्या निघाली. आपल्याकडे 1986 मध्ये केईएमला डॉ. इंदिरा हिंदुजांनी ते करून दाखवलं तेव्हा आम्ही पेपरातलं कात्रण वॉर्डात लावलं होतं. पुढे लक्षात आलं, की वळसा घातला तरी फुगलेली ट्यूब गप्प बसत नाही. तिच्यातलं पाणी गर्भपिशवीत झिरपतं आणि यश जवळपास निम्म्यावर येतं. म्हणून आधी दुर्बिणीतून ती ट्यूब काढतात, किंवा चिकटे फार असले तर पिशवीजवळ क्लिप लावून वाट बंद करतात. काढताना अगदी ट्यूबला लगटून कापावं लागतं, कारण ओव्हरीचं रक्त शेजारूनच जातं. नुसतं सुईने पाणी ओढलं तर परत भरतं. तोंड उघडून ट्यूब वाचवता येते कधीकधी, आतलं अस्तर चांगलं असेल तर; पण ती पुन्हा बंद होऊ शकते, आणि गर्भ ट्यूबमध्येच अडकण्याचा धोका वाढतो. तशी ट्यूब एखाद्या रात्री फुटली तर फोनवर कोणी नसेल, आणि तुझ्या घरून मोठं हॉस्पिटल किती लांब आहे ते मला माहीत आहे. मला ती भीती वाटते, म्हणून मी काढण्याच्या बाजूची. पण डावी ट्यूब कशी आहे हे आधी कळू दे. ती मोकळी असेल तर उजवी काढल्यावर आयव्हीएफशिवायही दिवस राहू शकतात, हे तुला कुणी सांगितलंय का?

टीबीची तपासणीही राहिली आहे. आपल्या देशात ट्यूब खराब असली की ती बघायलाच हवी, अस्तराचा तुकडा घेऊन, कल्चरसकट. नुसत्या एका पीसीआरवर सहा महिन्यांच्या गोळ्या मात्र सुरू करू नकोस.

तर बुधवारचं ऑपरेशन पुढे ढकल. डॉक्टर रागावतील, रागावू दे. पाळी संपल्यावर आतून सोनोग्राफी कर, पेणचा कागद बरोबर ने. दादाच्या कपाटात वरच्या खणात आहे. तरीही नक्की ठरलं नाही तर एमआरआय. मधल्या काळात ताप आला, किंवा एकदम कळ येऊन उलट्या सुरू झाल्या, तर माझं हे पत्र विसर आणि रात्री-अपरात्रीही कॅज्युअल्टीत जा. गाठीला पीळ पडला किंवा ट्यूबमध्ये पू झाला तर थांबायचं नसतं.

आणि पुन्हा सहीची वेळ आली, की कन्सेंट फॉर्मवर काय काढणार असं लिहिलंय, ते आधी मला फोनवर शब्दन् शब्द वाचून दाखव.

तुझी,
आत्या