चौपट पुरे

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून आमच्या अण्णांना रस्त्यापलीकडच्या पाटीवरचं कन्नड आणि मराठी, दोन्ही लख्ख वाचता येतं. दिसत नाही ते हातभर अंतरावरचं. डोळ्यात बसवलेलं भिंग दूरच्या नजरेला जमवून दिलेलं. आपल्या मूळच्या भिंगासारखं ते गरजेप्रमाणे फुगत नाही. पेपर वाचायला चष्मा आहे, जेवायला त्याचीही गरज नाही. पण एअर रायफलीच्या नळीच्या टोकावर जी बारीक खूण असते, जिला जुनी माणसं माशी म्हणत आणि पलटणीत फोरसाइट म्हणतात, ती नेमकी त्या अधल्यामधल्या अंतरावर येते. ती पुसट झाली आणि अण्णांचा रविवार गेला.

अण्णा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून १९८५ साली हवालदार म्हणून पेन्शनीत आले. त्यानंतर शेती, म्हैस, सोसायटीची कामं असं सगळं झालं. पण रविवारी सकाळी परड्यात दहा मीटर मोजून, वाळूच्या पोत्यांपुढं कागद लावून वीस छरे मारायचे, हा नेम चुकला नाही. कागदाशिवाय दुसऱ्या कशावर नळी रोखायची नाही, हा घरातला कायदा. एकदा शेजारच्या पोरानं पारव्याकडं नळी वळवली तर त्याला अण्णांनी जे सुनावलं ते दोन्ही भाषांत होतं. शस्त्रक्रियेनंतर मात्र रायफल तेल लावून खुंटीवर गेली ती गेलीच. आई एवढंच म्हणाली, "बंदूक टांगली, आणि माणूस बी टांगल्यागत झालाय बघ."

साध्या शिस्तीत डोळ्याला तीन गोष्टी एकाच वेळी पाहाव्या लागतात : जवळची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि लांबचं निशाण. (पलटणीच्या हिंदीत नेम धरण्याला 'शिस्त लेना' म्हणतात. आपल्याकडे तोच शब्द शाळामास्तरांच्या वाट्याला आला, हे मला लहानपणापासून गमतीचं वाटत आलं आहे.) तीन अंतरांवर एकाच वेळी नजर कुणाचीच ठरत नाही. तरुण डोळा माशीवर स्थिर होऊन बाकीचं सांभाळून घेतो. चाळिशीनंतर ती ओढाताण होते आणि कृत्रिम भिंगाला तर ते जमतच नाही. दुर्बीण हा प्रश्न मुळातूनच मोडते. फुलीच्या तारा आणि निशाण ती एकाच प्रतलात आणून ठेवते. डोळ्यानं एकच चित्र पाहायचं. म्हणजे अण्णांना दुर्बीण हवी होती ती लांबचं मोठं दिसावं म्हणून नव्हे. लांबचं त्यांना माझ्यापेक्षा बरं दिसतं.

हे त्यांना पटवणं सोपं नव्हतं. "स्वप्नील कुसाळेनं काय दुर्बीण लावली होती काय?" हा त्यांचा सवाल. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नीलनं २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं, आणि त्याआधी २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, ते दुर्बिणीशिवाय हे खरंच. त्या स्पर्धांत रायफलीला दुर्बीण चालतच नाही. तिथं पाठीमागे बारीक छिद्राची साइट असते. पण तसली अचूक साइट आमच्या रायफलीच्या किमतीलाही मागे टाकते. मी अण्णांना म्हटलं, "तुम्ही चष्म्यानं पेपर वाचता, त्याला कुणी कॉपी म्हणतं का?" ते काही बोलले नाहीत. आमच्या घरी याला होकार समजतात.

बाजारात गेलं की मोठाले आकडे अंगावर येतात. दुर्बिणीवर ४×३२ असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा कितीपट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलीमीटरमध्ये. ३-९×४० म्हणजे तीनपटीपासून नऊपटीपर्यंत फिरवता येणारी. माझ्या एका मित्राकडून तशी एक चार दिवसांसाठी मागून आणली. अण्णांनी नऊपटीवर डोळा लावला आणि लगेच काढला. "ह्यात निशाण दिसंना रे, माझं काळीज दिसायलंय!" म्हणाले. खरं होतं ते. मोठेपणा वाढला की हाताचा कंप आणि नाडीचा ठोकाही तितकाच मोठा दिसतो, दिसणारा टापू मात्र आक्रसतो. शिवाय वजन. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खांद्याला लावायच्या हत्यारावर आणखी अर्धा किलो चढवणं बरं नव्हे. फिरत्या मोठेपणाच्या दुर्बिणीत भिंगं जास्त, सरकणारे भाग जास्त. आणि किंमत कमी ठेवायची तर कुठं ना कुठं कात्री लागणारच. त्याच पैशात एकाच मोठेपणाची दुर्बीण बहुधा अधिक स्वच्छ आणि दणकट मिळते. चौपट हा आकडा काही गरिबांसाठीच ठेवलेला नाही. ड्रागुनोव्ह रायफलीवरची रशियन दुर्बीण ४×२४, अमेरिकन सैन्यानं वापरलेली ट्रिजिकॉनची १९८७ साली आलेली एकॉग ४×३२.

दुकानदार गृहस्थ कन्नडभाषक, भले. आमचं ऐकून घेऊन म्हणाले, "अज्जांना नाल्कुच साकु." चार पुरे.

पण चारमध्येही भेद आहेत. स्वस्त रायफलींबरोबर मिळते ती बारकी ४×२० दुर्बीण हाताला हलकी, खिशाला त्याहून हलकी. पुढच्या भिंगाचा आकडा मोठेपणानं भागला की डोळ्याकडं येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते : वीस भागिले चार, पाच मिलीमीटर. बत्तीस भागिले चार, आठ. म्हाताऱ्या बाहुलीला आठ मिलीमीटरचा सगळा प्रकाश आत घेता येत नाही, हे कबूल. पण झोत रुंद असला की मान थोडी इकडेतिकडे झाली तरी चित्र काळवंडत नाही. लाल ठिपक्याची साइटही पाहिली. सुटसुटीत असते, पण अण्णांच्या चष्म्याच्या चिठ्ठीत सिलिंडरचा आकडा आहे. अशा डोळ्याला तो ठिपका गोल न दिसता सांडलेल्या कुंकवासारखा पसरतो. यावर उतारा म्हणजे आखूड प्रिझमची दुर्बीण. तिची खूण काचेवरच कोरलेली असते, डोळ्याप्रमाणे फोकस करता येते आणि बॅटरी संपली तरी फुली जागेवर राहते. मला ती फार आवडली. किंमत ऐकून परत ठेवली.

शेवटी ४×३२ ठरली. पण मी दुकानात जास्त वेळ घालवला तो दोन वेगळ्याच चौकश्यांवर. स्प्रिंगची एअर रायफल दिसायला गरीब, पण धक्का विचित्र देते : आधी मागं, आणि पिस्टन पुढं जाऊन आपटला की पुढं. काडतुसाच्या रायफलीसाठी केलेली दुर्बीण मागचा धक्का सोसते, हा उलटा धक्का कधी कधी तिच्या तारा आणि भिंगं हलवून ठेवतो. म्हणून 'एअरगनसाठी' असं स्पष्ट लिहिलेलीच घ्यायची. दुसरं म्हणजे पॅरॅलॅक्स. पुष्कळ दुर्बिणी शंभर यार्डांना जमवलेल्या असतात. दहा मीटरवर डोळा जरा सरकला की फुली निशाणावरून सरकते. एअरगनच्या दुर्बिणी पंचवीस-तीस यार्डांच्या आसपास जमवतात, किंवा पुढचं भिंग फिरवून अंतर लावता येतं. आम्ही फिरणारी घेतली. त्यासाठी चार पैसे जास्त गेले आणि ते मला अजिबात डाचले नाहीत.

पकडींवर काटकसर करू नये. एअर रायफलीच्या पाठीवरची खाच बहुधा अकरा मिलीमीटरची असते, मोठ्या रायफलींची पट्टी जवळजवळ दुप्पट रुंद. एकीची पकड दुसरीला बसत नाही. आणि धक्क्यानं दुर्बीण मागं सरकू नये म्हणून अडवणारी खीळ हवीच.

बसवायचं काम अण्णांनी मला करू दिलं नाही. आधी डोळ्याजवळची कडी फिरवून पांढऱ्या भिंतीकडं बघत फुली स्वच्छ केली. आपल्यासारख्यांचा डोळा यात फसवतो, पुसट फुलीशी जुळवून घेतो. त्यांचं भिंग जुळवून घेतच नाही, त्यामुळं त्यांचं काम एका मिनिटात झालं. मग पाच छरे. पाचही कागदाच्या खाली डाव्या कोपऱ्यात, पण एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील असे. "ग्रुप हाय," एवढंच बोलले. शंभर यार्डांना पाव इंच सरकवणारी एक टिकटिक दहा मीटरवर मिलीमीटरलाही पुरत नाही, एका सेंटिमीटरला चौदा टिकटिकी लागतात, हा हिशेब मी कागदावर करत होतो तोवर त्यांनी नाणं फिरवून टोपी बंदसुद्धा केली होती.

दुर्बिणीबरोबर आलेली प्लास्टिकची झाकणं पहिल्याच महिन्यात म्हशीच्या पायाखाली गेली. अण्णांनी सायकलची जुनी ट्यूब कापून नवी झाकणं केली आहेत, मधे दोरी ओवून. आता रविवारी आठ वाजता ती दोरी सोडतात, आणि तोवर परड्यात कुणी वाळत घातलेलं काढलेलं नसेल तर आईच्या नावानं हाक येते.