तात्पुरता पत्ता

सगळा घोळ सेलोटेपने केला. म्हणजे तसा मीच केला, पण मला सेलोटेपला दोष द्यायला आवडतं.

परदेशातून घरी आलं की आपण पहिलं काम काय करतो? तिकडचं सिम काढून इकडचं घालतो. काढलेलं सिम एवढंसं, नखाएवढं. हरवू नये म्हणून मी ते माझ्या फ्रेंच बँकेच्या कार्डालाच सेलोटेपने चिकटवलं. काय डोकं चालवलं, असं तेव्हा स्वतःलाच म्हटलंही होतं. आणि ५ मे २०२३च्या संध्याकाळी पनवेलच्या एसटी स्टँडवर गर्दीत कुणीतरी माझी पर्स उघडून पाकीट उचललं. कार्ड गेलं, सिमही गेलं. एकाच झटक्यात, एकमेकांना चिकटून!

थोडं मागे जाते. मी मूळची चिरनेरची. ऑफिसात कुणी विचारलं तर आम्ही 'पनवेलजवळ' सांगून मोकळे होतो. जाणकारांना १९३०चा जंगल सत्याग्रह आठवतो, भाविकांना महागणपती आणि ट्रेलरवाल्यांना कंटेनर यार्ड. माझे बाबा अशाच एका यार्डात सुपरवायझर. मास कॉमनंतर दोन-तीन वर्षं इकडे-तिकडे फ्रीलान्सिंग केल्यावर सप्टेंबर २०२२मध्ये मी एका वर्षाच्या कोर्ससाठी फ्रान्सला, तुलूझला गेले. पैसे बाबांच्या पीएफमधून उचललेले. फ्रान्सच्या स्टुडंट व्हिसाला महिन्याचे ६१५ युरो दाखवावे लागत होते, त्यामुळे आमच्या घरात तेव्हा युरोचा भाव कांद्याच्या भावासारखा रोज चर्चेत असायचा.

तिकडे बँकेत खातं उघडणं हा स्वतंत्र सिनेमा आहे. रूम हवी तर 'रिब' द्या, म्हणजे खात्याचा सगळा तपशील असलेला कागद. आणि खातं हवं तर रूमचा कागद द्या! कार्ड एका पाकिटातून येतं, पिन दुसऱ्या. दोन्ही पोस्टाने. आणि प्रत्येक खातेदाराला एक 'काँसेयेर' असते, आपली खास सल्लागार. माझी छान होती. हसरी, लाल चष्म्याची. फक्त तिला भेटायला आधी 'रांदेव्हू' घ्यावा लागायचा. आपल्याकडे सिनेमात रांदेव्हू म्हणजे मेणबत्त्या आणि वाइन. तिकडे बँकेतही तोच शब्द.

एप्रिलमध्ये, अक्षय्य तृतीयेनंतर दोनच दिवसांनी आजी गेली. मिळेल ते स्वस्तातलं 'वन वे' तिकीट काढून मी घरी आले. परतीचं नंतर बघू म्हटलं. १२ जूनला माझ्या थिसिसचा व्हायवा होता. खात्यात होते १,८६० युरो, त्या वेळच्या भावाने साधारण एक लाख पासष्ट हजार रुपये. भारतातल्या खात्यात चार हजार. त्यामुळे परतीचं तिकीट युरोतूनच येणार होतं. आणि आजीच्या तेराव्याच्या आदल्या संध्याकाळी, सामान आणायला म्हणून पनवेलला गेले असताना, वर सांगितलेलं झालं.

कार्ड बंद करायला किती वेळ लागला असेल? दोन मिनिटं. फोन लावला, कार्ड मेलं. खरा खेळ त्यानंतर सुरू झाला.

नवं कार्ड कुठे पाठवणार? तुलूझच्या पत्त्यावर. इंटरनेट बँकिंगने पैसे हलवू म्हटलं तर सहा आकडी कोड येणार फ्रेंच नंबरवर. तो नंबर सेलोटेपसकट चोराच्या खिशात. युरोपात २०१९पासून ऑनलाइन पेमेंटसाठी ही डबल ओळख सक्तीची झाली आहे. आपल्या ओटीपीला मी एरवी शिव्या घालते, तो किमान आपल्याच गावात तरी येतो!

बरं, फोन करावा. तर बँकेचा नंबर चार आकडी. असले छोटे नंबर फ्रान्सच्या बाहेरून लागतच नाहीत. शाखेचा लांबलचक नंबर शोधला. तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे आपले साडेबारा. तिकडे साडेबारा ते दोन जेवणाची सुट्टी, म्हणजे आपले चार ते साडेपाच. शाखा सोमवारी बंद, कारण शनिवारी सकाळी उघडी असते. ६ मेच्या शनिवारी आमच्या घरी तेरावा. ८ मेचा सोमवार तर दुसरं महायुद्ध संपल्याची सरकारी सुट्टी. बंद असलेली बँक अजून थोडी बंद!

९ मेला ई-मेल टाकला. ११ मेला उत्तर आलं. अत्यंत नम्र. आपण ओळखपत्र घेऊन शाखेत प्रत्यक्ष यावं, अशा अर्थाचं. मी पुन्हा लिहिलं, मॅडम, मी सात हजार किलोमीटरवर आहे आणि यायला तिकीट लागतं, त्याचेच पैसे तुमच्याकडे आहेत. उत्तर पुन्हा नम्र. पत्ता बदलायचा असल्यास सोबतचा फॉर्म भरावा.

मी लगेच फॉर्म उघडला. इमारतीचा नंबर, लाल चांदणी. रस्त्याचं नाव, लाल चांदणी. आमच्या घराला रस्त्याचं नाव नाही हो! आमचा पत्ता म्हणजे अमक्याचं घर, तमक्याच्या मागे, मु. पो. चिरनेर, ता. उरण. पोस्टमन काका डोळे मिटून पत्र आणतात. पुढे, पत्त्याचा पुरावा जोडा, विजेचं बिल चालेल. आमचं लाइट बिल अजून आजोबांच्या नावावर येतं. आजोबा २००४मध्ये वारले.

रात्री व्हॉट्सअॅपवर माझ्या तुलूझच्या शेजारणीला हे सांगितलं. ती मोरोक्कोची, फ्रान्समध्ये सहा वर्षं काढलेली. ती जवळजवळ ओरडलीच. अजिबात पत्ता बदलू नकोस! एकदा तू 'नाँ-रेझिदां' झालीस, म्हणजे फ्रान्सबाहेर राहणारी, की नवी फाइल, नवे नियम, नवे चार्जेस. मी म्हटलं, अगं पण मी तात्पुरतीच आलेय. ती म्हणाली, त्यासाठी त्यांच्याकडे रकाना नाही.

आणि तिथे मला एकदम हसू आलं. कारण त्या तीन आठवड्यांत दारावर येणारं प्रत्येक माणूस मला हेच विचारत होतं. आता इथेच का परत जाणार? 'तात्पुरती आलेय' म्हटलं की चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह. त्यांच्याकडेही तो रकाना नव्हता.

या सगळ्यात बाबांना मी काय सांगत होते? 'प्रोसेसमध्ये आहे.' रोज संध्याकाळी यार्डातून आले की हात-पाय धुता धुता विचारायचे, "झालं का गं तुझ्या बँकेचं?" मी म्हणायचे, प्रोसेसमध्ये आहे. एकदा म्हणाले, "आपल्या बँकेत असते ना, तर साहेबांना नुसतं सांगितलं असतं." मला ते पटलं. आपल्याकडे माणूस माणसाला ओळखतो, तिकडे कागद कागदाला ओळखतो, वगैरे. मनातल्या मनात मी एक लेखसुद्धा लिहायला घेतला होता.

त्याच आठवड्यात बाबांबरोबर आजीच्या बँकेत गेले. तीस वर्षं आजी तिथे अंगठा उठवत होती. साहेबांनी खुर्च्या दिल्या, चहा मागवला, "आजी फार गोड होत्या हो," म्हणाले. मनापासून म्हणाले. मग रजिस्टर उघडलं. वारस म्हणून नाव कुणाचं? आजोबांचं! ते कुणी बदललंच नव्हतं. मग मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची संमतीपत्रं, इन्डेम्निटी बॉण्ड. तिन्ही आत्यांच्या सह्या. एक आत्या सुरतेला. बाबा म्हणाले, "साहेब, तुम्ही तर आम्हाला ओळखता." साहेबांनी चहाचा कप बाबांच्या पुढे सरकवला आणि म्हणाले, "ओळखतो म्हणून तर प्रेमाने सांगतोय." माझा लेख तिथेच संपला.

रात्री झोप येईना म्हणून मी फ्रान्सचे नियम वाचत बसले. खात्यात वर्षभर काहीच हालचाल झाली नाही आणि खातेदाराचा पत्ता लागला नाही, की खातं झोपलेलं धरतात. दहा वर्षं झोपलं की पैसे केस दे देपो या सरकारी संस्थेकडे जातात, आणखी वीस वर्षांनी थेट सरकारजमा. तोपर्यंत मी पन्नाशी ओलांडलेली! हा कायदा २०१६पासून लागू आहे. आपल्याकडेही दहा वर्षं कुणी न हात लावलेले पैसे रिझर्व्ह बँकेच्या एका फंडात जातात, ही सोय २०१४ची. फरक एवढाच, आपल्याकडे वारसांना नंतर कधीही मागता येतात. (शोधायला ऑगस्ट २०२३पासून 'उद्गम' नावाचं पोर्टल आहे. आजी-आजोबांचं नाव टाकून बघाच एकदा.) कुणी फ्रान्सला निघालं असेल तर हेही सांगून ठेवते. बँकेने खातं नाकारलं तर नकाराचं पत्र मागून घ्या. ते घेऊन बाँक द फ्राँसकडे गेलात की ते एक बँक ठरवून देतात आणि त्या बँकेला खातं उघडावंच लागतं. शिवाय तिकडे खातं बंद करायला पैसे पडत नाहीत.

मार्ग शेवटी शेजारणीनेच काढला. माझ्या रूमची किल्ली तिच्याकडे होती, खिडकीतल्या कोथिंबिरीला पाणी घालायला. त्याच जुडग्यात लेटरबॉक्सची किल्ली. मोबाइल कंपनीकडून मी नवं सिम मागवलं, अर्थात तुलूझच्याच पत्त्यावर. सुट्ट्यांमुळे रेंगाळत ते १६ मेला पोचलं. तिने ते स्वतःच्या जुन्या फोनमध्ये घातलं. मी चिरनेरला पडवीत लॅपटॉप घेऊन बसले, बाहेर ट्रेलरची रांग, आणि तिकडून तिने एकेक आकडा वाचला. तिचंच नाव पैसे घेणारी म्हणून नोंदवलं. कोड कुणालाही सांगू नका, असं त्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असतं. तिने तेही वाचून दाखवलं!

नवं नाव चालू व्हायला बहात्तर तास. मधे १८ मे, येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी, गुरुवार. तिकडे गुरुवारी सुट्टी आली की लोक शुक्रवारही जोडून घेतात. याला 'पाँ' म्हणतात, पूल. शुक्रवारी संध्याकाळी मी तिच्या खात्यात पैसे पाठवायचं बटण दाबलं, तिने पुन्हा कोड वाचला, आणि तेवढ्यात आतून बाबांची हाक. टीव्हीवर बातमी. दोन हजारच्या नोटा चलनातून परत घेणार!

बाबा काही न बोलता उठले आणि आजीचा चहाचा डबा घेऊन आले. पत्र्याचा. दिवसकार्याच्या आवराआवरीत सापडला होता, पण आत्या येतील तेव्हाच उघडू म्हणून तसाच ठेवला होता. खाली वर्तमानपत्राची घडी, त्यात दोन हजारच्या नोटा. अकरा. नोटबंदीच्या वेळी आजीने सगळे पैसे बँकेत भरले होते, म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं.

एका वेळी वीस हजारच बदलून मिळणार होते. २३ मेला, पहिल्याच दिवशी, बाबा रांगेत उभे राहून दहा नोटा बदलून आले. तोवर शेजारणीने माझं तिकीट काढलं होतं, चारशे ऐंशी युरोला, २६ तारखेचं. तिने माझ्याकडे काही लिहून मागितलं नाही. बाबांना मी तिकिटाची प्रिंट दाखवली. "तिच्याच खात्यात टाकलेस? ओळख कितीची?" आठ महिन्यांची, म्हटलं. ते काही बोलले नाहीत. बदलून आणलेले वीस हजार त्यांनी माझ्या बॅगेत कोंबले. आत्यांशी फोनवर बोललोय, म्हणाले. मी नको म्हणत राहिले, ते बॅगेची चेन ओढत राहिले.

तुलूझला पोचले तर लेटरबॉक्समध्ये नवं कार्ड माझी वाट बघत बसलेलं. गंमत म्हणजे या सगळ्या काळात रूमचं भाडं मात्र खात्यातून बिनबोभाट वळतं झालं होतं. न्यायला कोड लागत नाही, हे लक्षात घ्या. कोथिंबीर वाळली होती. शेजारीण म्हणाली, तुझ्या बँकेच्या नादात विसरले.

व्हायवा झाला. ऑगस्टमध्ये खातं बंद करायला रांदेव्हू घेऊन गेले. लाल चष्म्याच्या बाईंनी विचारलं, उरलेले पैसे कुठे पाठवायचे, आणि आता पत्ता काय लिहू? मी कागद ओढून घेतला आणि रस्त्याच्या रकान्यात 'महागणपती मंदिराजवळ' असं रोमन लिपीत लिहून दिलं. बाईंनी ते दोनदा वाचायचा प्रयत्न केला, मग हसून टाइप केलं. खातं बंद झाल्याचं पत्र सप्टेंबरात चिरनेरला आलं. पोस्टमन काकांनी फ्रेंच स्टॅम्पसाठी पाकीट मागून घेतलं.

आजीचं खातं मिटायला पुढची दिवाळी उलटली. सुरतेच्या आत्याची सही आधी जुळेना.

अकरावी नोट बाबांनी बदललीच नाही. ती माझ्या बँकेच्या फाइलमध्ये आहे, पिनच्या पाकिटाशेजारी. रिझर्व्ह बँकेच्या म्हणण्याप्रमाणे ती अजूनही कायदेशीर चलन आहे.