एका ओळीचा इतिहास : एडिटरच्या तळाशी काय दिसावे?

१/ टेक्स्ट एडिटरच्या तळाशी एक अरुंद ओळ असते. फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक, मजकूर जतन झाला की नाही याची खूण. ही स्टेटस लाइन. तिच्यात काय असावे, हे आज वापरणारा ठरवतो. हा अधिकार त्याच्याकडे कसा आला, त्याचा हा मागोवा. 🧵

२/ बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन यांनी लिहिलेला 'ईडी' कागदावर छापणाऱ्या टेलिटाइपच्या काळातला. स्थिती दाखवण्यास तेथे जागाच नव्हती. चूक झाली की केवळ एक प्रश्नचिन्ह उमटे.

३/ १९७६ मध्ये बर्कले येथे बिल जॉय 'व्हीआय' घडवू लागले. त्यांच्या घरी ३०० बॉडचा मोडेम होता, म्हणजे सेकंदाला सुमारे ३० अक्षरे. ८० अक्षरांची एक ओळ उमटण्यास जवळजवळ ३ सेकंद, तर २४ ओळींचा पडदा भरण्यास मिनिटाहून अधिक वेळ. तळची ओळ सतत ताजी ठेवणे ही तेव्हा चैनच होती.

४/ या काटकसरीला किंमत होती. व्हीआयच्या एका अवस्थेत कळ दाबली की अक्षर उमटे. दुसरीत तीच कळ आज्ञा ठरे. चालू अवस्था मात्र पडद्यावर दिसत नसे. आज्ञेच्या अवस्थेत 'डी' लागोपाठ दोनदा दाबला की अख्खी ओळ नाहीशी! झेरॉक्स पार्कमधील लॅरी टेस्लर अशा अवस्थांचे इतके विरोधक, की त्यांच्या मोटारीच्या नंबरप्लेटवरही 'नो मोड्स' होते.

५/ रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू ईमॅक्सने (१९८५) दुसरी वाट धरली. तेथील 'मोड लाइन'मध्ये दोन तारका म्हणजे जतन न केलेला बदल, दोन टक्केचिन्हे म्हणजे फाइल केवळ वाचनापुरती. या ओळीचा आराखडा एका व्हेरिएबलमध्ये असतो. तो वापरणाऱ्याने बदलावा, ओळ बदलते.

६/ ब्राम मोलेनार यांच्या 'व्हिम'मध्ये (१९९१) हीच मुभा 'स्टेटसलाइन' या पर्यायातून मिळते. टक्केचिन्हापुढे 'एफ' लिहिल्यास फाइलचे नाव, 'एल' लिहिल्यास ओळीचा क्रमांक, 'एम' लिहिल्यास बदलाची खूण. 'लास्टस्टेटस'ला २ हे मूल्य दिले की ओळ कायम दिसते.

७/ रंग आणि चिन्हे ही या ओळीची सजावट. तिचे मूळ प्रयोजन सावध करणे हे आहे. यंत्राला जे ठाऊक आहे ते माणसाला दिसले नाही, तर कष्टाचे लेखन क्षणात जाते. म्हणून ओळ सजवताना पहिली जागा घड्याळाला नव्हे, जतन न झालेल्या बदलाच्या खुणेला द्यावी.