करडईच्या तेलातलं आभाळ

पांढऱ्या तैलरंगाच्या काही ट्यूबांवर बारीक अक्षरांत ‘सॅफ्लॉवर ऑइल’ छापलेलं असतं. सॅफ्लॉवर म्हणजे आपली करडई. बहुतेक रंग जवसाच्या तेलात घोटतात. पण हे तेल वर्षागणिक पिवळं पडतं आणि पांढऱ्यात ते लगेच डोळ्यांवर येतं, म्हणून पुष्कळदा पांढऱ्याला करडई. परभणीकरांना करडईची ओळख करून द्यायला नको. इथल्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या एका वाणाचं नावच ‘परभणी कुसुम’. पाऊस परतल्यावर काळ्या रानात जी ओल उरते, तिच्यावर हे पीक सोटमूळ खोल घालून उभं राहतं. ज्वारीच्या कडेने करडईची चार तासं टाकली, की काट्यांच्या भयाने मोकाट जनावर आत तोंड घालत नाही; काढणीला आलेल्या माणसालाही ते काटे सोडत नाहीत, ही गोष्ट वेगळी. फूल आधी पिवळं, मग केशरी, वाळताना तांबूस. एवढ्या भडक फुलाच्या बीतून निघालेलं तेल चित्रातल्या पांढऱ्या ढगाला धरून ठेवतं, याची मौज रंगवाल्या कंपनीला नसेल, मला आहे.

या मुलखात ‘आभाळ आलंय’ म्हणतात, तेव्हा ढग आलेले असतात. आकाशालाही आभाळच म्हणतात. छोटं तैलचित्र करताना या बोलीचं ऐकावं, असं माझं म्हणणं. हौशी चित्रांत आधी निळं सपाट सारवतात आणि ते वाळलं की वर ढग चिकटवतात. मग दिसतो तो कापूस. मानवत-सेलूकडे, जिथे कापूस क्विंटलवर मोजतात, तिथे तरी ही उपमा खपू नये. गंजी कुठेही लावता येते; ढगाचा तळ हवा ठरवते. वर चढणारी हवा ज्या उंचीवर गार होऊन तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात, ती उंची आसपास जवळपास सारखी असते. म्हणून दुपारच्या सुट्या ढगांचे तळ कापल्यासारखे सपाट, आणि क्षितिजाकडे जाता जाता अरुंद होत एकमेकांना चिकटणारे. पाथरीकडच्या सपाटीत अंतर दाखवायला दुसरं आहे तरी काय? तळाचा करडा रंगही काळ्या ट्यूबमधून काढू नये. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना पांढऱ्यात कालवावेत, आणि शेजारचं निळं ओलं असतानाच ब्रश त्यात शिरावा.

कुणी म्हणेल, ढग दहा मिनिटांत मोडतो आणि तेल वाळायला दिवस लागतात, मग जलरंग काय वाईट? वाईट नाहीच. कोरा कागद राखून काढलेला ढग देखणा असतो. पण त्याची कड सुकली की पुन्हा फारशी हलत नाही. तेलात ती तासाभरानेही बोटाने विरवता येते, आणि करडईचं तेल तर जवसाहून सावकाश वाळतं. (खालच्या थरात मात्र हे पांढरं नको; वरचा थर आधी वाळला की तडे जातात.) आठ बाय दहा इंचांत आभाळ मावेल कसं, हीही शंका असते. क्षितिज तळापासून दोन इंचांवर घ्यावं, कडुनिंब करंगळीच्या नखाएवढा. बाकी आपोआप मोठं होतं.

तिसरा आक्षेप जड आहे. पावसासाठी वर बघणाऱ्याला ढगाच्या रंगाचं काय? पण पेरणी अडलेल्या माणसाइतकं बारकाईने ढगाचं पोट बघतो कोण? इंग्लंडचा जॉन कॉन्स्टेबल गिरणीवाल्याचा मुलगा. वडिलांच्या पवनचक्कीवर त्याने काम केलं होतं, म्हणजे वारा-आभाळ ओळखणं हा आधी धंद्याचा भाग होता. १८२१-२२ साली हॅम्पस्टेडला त्याने तैलरंगात ढगांचे कितीतरी छोटे अभ्यास केले आणि अनेकांच्या पाठीमागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा टिपून ठेवली. परभणीच्या चित्रामागे तारखेऐवजी नक्षत्र चालेल: मघा, दुपार, वारा पश्चिमेचा, थेंब नाही.