बाबा, बशी आणि इराणी चहा

हैदराबादमध्ये खायला कुठे जायचं, असं कुणी विचारलं की माझी लिस्ट तयार असते. पॅराडाइजची बिर्याणी सगळेच सांगतात, १९५३ पासूनचं नाव आहे ते. पण मी म्हणेन, पहाटे मोझमजाही मार्केटजवळ 'राम की बंडी'वर बटर-चीज डोसा खा. नाइट शिफ्ट सुटल्यावर मी कित्येकदा तिथेच थांबायचे.

आणि चारमिनारशेजारचं निमरा. गेल्या हिवाळ्यात बाबा पांढरकवड्याहून आले, तेव्हा त्यांना तिथेच नेलं. इराणी चहाचं पाणी झाकलेल्या भांड्यात कितीतरी वेळ उकळतं, आटवलेलं दूध वेगळं. दोन्हींची गाठ थेट कपात. सोबत निजाम उस्मान अलींचं नाव मिरवणारं उस्मानिया बिस्कीट. किंचित गोड, किंचित खारट.

बाबांनी चहा सरळ बशीत ओतला. एक फुर्रका मारून म्हणाले, "लय गोड हाय वं." मग बिस्कीट बुडवता बुडवता, "काऊन, आज सुट्टी हाय का तुले?"

जॉब सोडून चार महिने झाले होते. घरी कापसाच्या भावाची रड, त्यात आपलं हे कशाला, म्हणून फोनवर बोललेच नव्हते. आता सांगून टाकलं. फ्रीलान्स म्हणजे काय, तेही.

"म्हंजे महिन्याच्या महिन्याले पगार नाही?"

"नाही."

बाबा बराच वेळ मिनाराकडे बघत राहिले.

"मंग शेतीच झाली ना थे."

बिल त्यांनीच दिलं. आईसाठी अर्धा किलो बिस्किटं मात्र मी घेतली.