जुहूची वाळू आणि गांधीजींची काठी

मुंबईला कुणी पाहुणा आला की त्याच्या यादीत जुहू असतंच. राणीची बाग, म्हातारीचा बूट, गेट वे ऑफ इंडिया आणि मग जुहू! कारण एकाच फेरीत समुद्र बघायला मिळतो, भेळ खायला मिळते आणि नशीब जोरावर असलं तर गाडीच्या काचेआडून एखादा सिनेनटही दिसतो. चला, आज आपणही जुहूला जाऊ या. पण आपल्याला नटांना नाही शोधायचं. आपल्याला शोधायचे आहेत इथल्या वाळूतून चाललेले एक आजोबा आणि त्यांचा नातू.

पश्चिम रेल्वेच्या सांताक्रूझ, विलेपार्ले किंवा अंधेरी स्टेशनवर उतरायचं, बाहेर येऊन बस नाहीतर रिक्षा पकडायची आणि पश्चिमेकडे निघायचं. आज हा सगळा रस्ता उंच इमारतींनी भरला आहे. पण पूर्वी जुहू हे चक्क एक चिंचोळं बेट होतं बरं का! मध्ये खाडी, आणि ओहोटीच्या वेळी ती पायी ओलांडून लोक ये-जा करत. माडांच्या रांगा, कोळ्यांची घरं, होड्या आणि जाळी, एवढंच काय ते जुहू. कोळीवाडा तर अजूनही आहे. बंगले आणि झगमगाट फार नंतर आला.

वाटेत विमानतळ लागतो. तो साधासुधा समजू नका! १९२८ साली सुरू झालेला हा आपल्या देशातला पहिला नागरी विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ या दिवशी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन, अहमदाबादमार्गे, एका छोट्याशा विमानातून इथेच उतरले. विमान ते स्वतःच चालवत होते. टाटांच्या हवाई टपालसेवेची ती सुरुवात. आणि टाटांच्या या विमान कंपनीचं इथलं ठाणं कसं होतं, ठाऊक आहे? झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी! पावसाळ्यात धावपट्टीवर चिखल व्हायचा, म्हणून चार महिने मुक्काम पुण्याला हलवायचा. पुढे जगभर उडालेल्या विमानसेवेची सुरुवात अशी, बिनभपक्याची झाली.

थोडं पुढे एका गल्लीत ‘पृथ्वी थिएटर’ आहे. शशी कपूर आणि जेनिफर कपूर यांनी १९७८ साली ते सुरू केलं. नाव दिलं पृथ्वीराज कपूर यांचं. हे नाट्यगृह अगदी लहान, प्रेक्षक जेमतेम दोनशे. ते तीन बाजूंनी बसतात आणि नट मधोमध, हाताच्या अंतरावर. त्यामुळे इथे खोटं लगेच पकडलं जातं. ‘बघा, मी कसा छान रडतो!’ असं दाखवायला जाणारा नट इथे हमखास पडतो. नाटक संपलं की मात्र नट सोंग उतरवून ठेवतो आणि कॅंटीनमध्ये चहा प्यायला येतो. हे लक्षात ठेवा हं. सोंग घेणं वाईट नाही. ते कधी उतरवायचं हे कळलं पाहिजे.

आता आलो चौपाटीवर. संध्याकाळ झाली आहे. नुसतं दहा मिनिटं उभं राहून बघा. भेळवाल्याचा हात भराभर चालतो आहे, बर्फाचा गोळा खाऊन सगळ्यांच्या जिभा लाल झाल्या आहेत. एक गावाकडची आजी नऊवारीचा ओचा वर धरून लाटेत उभी आहे आणि सुनेला हाका मारते आहे, “अगं ये की! समुद्र काय खातोय का तुला?” शेजारी एक ताई काठावरच ताटकळली आहे. नवीन बूट भिजतील, केस विस्कटतील, फोटो बिघडेल! एक दादा मोबाईल उंच धरून सतराव्यांदा हसतो आहे. फोटो झाला की हसू गायब. घरी गेल्यावर समुद्र कुणाच्या लक्षात राहील? आजीच्या की दादाच्या?

याच किनाऱ्यावर महात्मा गांधींचा पुतळा आहे. गांधीजी जुहूला का आले होते? तर बरं व्हायला! १९२४ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. त्यानंतर ते इथे समुद्राकाठी विश्रांतीला राहिले. १९३७ च्या डिसेंबरात रक्तदाब वाढला, तेव्हा पुन्हा आले. १९४४ साली आगाखान पॅलेसमधून सुटका झाल्यावरही जुहूलाच राहिले. त्याच मुक्कामात त्यांनी विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ हा चित्रपट पाहिला. सिनेमावाल्यांच्या जुहूशी गांधीजींचंही असं नातं आहे!

पण आपल्याला हवा आहे तो १९३७ चा मुक्काम. त्या वेळचं एक छायाचित्र तुम्ही नक्की पाहिलं असेल. समुद्राची ओली वाळू. एक लहान मुलगा काठीचं टोक धरून पुढे ओढतो आहे आणि काठीचं दुसरं टोक धरून गांधीजी मागून लांब ढांगा टाकत येताहेत. बरेच जण सांगतात की हा दांडीयात्रेतला फोटो. तसं नाही. तो आपल्या जुहूचा आहे! तो मुलगा म्हणजे गांधीजींचा नातू, रामदास गांधींचा मुलगा कनु. पुढे तो अमेरिकेत शास्त्रज्ञ झाला. २०१६ साली त्यांचं निधन झालं.

आता त्या फोटोकडे नीट पाहा. अडुसष्ट वर्षांचा एवढा मोठा पुढारी, ज्याच्या शब्दावर लाखो माणसं तुरुंगात जायला तयार, तो आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या मागे ओढला जातो आहे. अंगावर साधं खादीचं वस्त्र. ‘लोक काय म्हणतील? माझा रुबाब कमी तर नाही होणार?’ अशी शंका त्या चालण्यात कुठेच नाही. नातवाला खेळायचं आहे, आजोबाही खेळताहेत. संपलं!

तुम्हाला वाटेल, गांधीजी काय, जन्मतःच तसे असणार. छे! इथेच तर गंमत आहे. त्यासाठी जुहूच्या वाळूवरून आपल्याला एकदम लंडनला जावं लागेल, आणि पन्नास वर्षं मागे.

१८८८ साली मोहनदास बॅरिस्टर व्हायला विलायतेला गेला. वय जेमतेम एकोणीस. बोटीतून उतरताना शोभून दिसावं म्हणून त्याने पांढरे कपडे जपून ठेवले होते. ते घालून ऐटीत उतरला आणि बघतो तर काय, सप्टेंबरअखेरच्या त्या थंडीत पांढरे कपडे घातलेला तो एकटाच! सामान दुसऱ्याच्या ताब्यात, त्यात सुटीचा दिवस आडवा आला. बिचारा लाजेने अर्धा झाला.

मग त्याने ठरवलं, आपण पक्कं साहेब व्हायचं. मुंबईत शिवलेले कपडे बाजूला सारले. एकोणीस शिलिंगांची उंच टोपी घेतली. लंडनच्या महागड्या बॉंड स्ट्रीटवर दहा पौंडांचा सूट शिवला. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती, आणि पैसे धाडत होता थोरला भाऊ. त्याच भावाकडून सोन्याची दुपदरी साखळीही मागवली, घड्याळाला लावायला. रोज दहा-दहा मिनिटं आरशासमोर, टाय बांधायला आणि भांग पाडायला. केस मुलखाचे हट्टी, बसायचेच नाहीत!

एवढ्यावर थांबला नाही. साहेब म्हटला की नाचता आलं पाहिजे. तीन पौंड भरून नाचाचा वर्ग लावला. पियानोच्या तालाशी पावलं काही जुळेनात. बरं, ताल कळत नाही तर कान तयार करू, म्हणून व्हायोलिन विकत घेतलं. वर भाषण कसं ठोकावं त्याची शिकवणी. म्हणतात ना, कावळा हंसाची चाल चालायला गेला आणि आपलीही चाल विसरला. अगदी तशातली गत!

हे खूळ चाललं साधारण तीन महिने. मग एक दिवस मोहनदासने स्वतःलाच विचारलं की मला का जन्मभर इंग्लंडात राहायचं आहे? भाषणाची शिकवणी घेऊन मी काय करणार? नाचाने माणूस सभ्य कसा होईल? मी तर विद्यार्थी. माझं काम अभ्यास. त्याने शिकवण्या बंद केल्या. व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंकडे स्वतः गेला, सगळं खरं खरं सांगितलं आणि येईल त्या किमतीला वाद्य विकून टाका म्हणाला. त्या बाई हसल्या नाहीत, उलट त्यांनी त्याला धीर दिला. मनातलं खरं बोललं की बहुधा असंच होतं.

त्यानंतर त्याने पै-पैचा हिशेब ठेवला, लहान खोलीत राहिला, बसभाडं वाचवायला रोज मैलोन् मैल चालू लागला. जुहूच्या वाळूवरची ती ढांग लंडनच्या रस्त्यांवर तयार झाली होती! आणि १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी त्याच लंडनला गेल्यावर गांधीजी राजाच्या भेटीला बकिंगहॅम राजवाड्यात गेले ते नेहमीच्या पंचात, वर शाल पांघरून. एकेकाळी टायपायी आरशासमोर ताटकळणारा तोच माणूस!

पण थांबा. ‘म्हणजे आम्ही भांगही पाडायचा नाही?’ असं विचाराल. तसं मुळीच नाही. गांधीजी शेवटपर्यंत स्वच्छ आणि नीटनेटके राहिले. इंग्रजी तर ते उत्तम शिकले. नवं शिकणं म्हणजे सोंग नव्हे. गबाळेपणा म्हणजे साधेपणा नव्हे, आणि तोंडाला येईल ते बोलणं म्हणजे खरेपणा नव्हे. साधेपणाचीही ऐट मिरवणारे लोक असतातच की! फरक ओळखायची एक सोपी युक्ती सांगू? स्वतःला विचारायचं की हे कुणी बघत नसतं, तरी मी केलं असतं का? व्हायोलिन मनापासून आवडत असेल तर खुशाल वाजवा. नुसतं वर्गात भाव खाण्यासाठी असेल, तर तीन महिन्यांत कंटाळा येणार.

नव्या शाळेत गेलं की हे फार जाणवतं. आपली बोली गावंढळ वाटेल म्हणून काही मुलं गप्पच बसतात. डब्यातली भाकरी झाकून खातात. अशा वेळी शायनिंग मारणारा मित्र मिळेल कदाचित, पण तो आपल्या सोंगाचा मित्र असतो. सोंग रोज वठवायचं म्हणजे केवढा ताप! भाकरी उघडून खाल्ली, तर ‘मला एक तुकडा दे ना’ म्हणणारा जो भेटेल, तो आपला.

आणि आईबाबांनाही एक विनंती. पाहुणे आले की ‘काकांना कविता म्हणून दाखव बरं!’ असं लगेच म्हणू नका. कविता त्याला आवडत असेल, तर तो खिडकीत बसून स्वतःशीच म्हणेल. ती ऐका.

तर मग, जुहूला कधी जाताय? जाताना ओहोटीची वेळ बघून जा. पाण्यात एकट्याने पुढे जाऊ नका, भरतीला जुहूचा समुद्र फसवतो. गांधीजींचा पुतळा शोधा, चपला हातात घ्या, वाळू तुडवा, आजीला लाटेत ओढा. फोटो काढायचा असेल तर अवश्य काढा, पण ‘हसा’ म्हणायच्या आधीचा काढा. आमचा अनुभव असा की घरच्या आल्बममध्ये सगळे जण तोच पुन्हा पुन्हा बघतात.